काटे काढणारा हात

माझ्या आईच्या मते माणसाची खरी पारख पेडवे खाताना होते. सुरमई काय, कुणीही खाईल. मधोमध एक काटा, तो बाजूला सारला की झालं. पेडवा वीतभरही नसतो, पण त्याच्या अंगात केसासारखे बारीक काटे एवढे असतात की घाटावरचा पाहुणा एक खातो आणि मुकाट्याने आमटीकडे वळतो. असा पाहुणा गेला की आई म्हणायची, माणूस बरा आहे, पण जेवणात राम नाही.

ती स्वतः पेडवा एका हाताने सोलायची. एकाच, कारण आमच्याकडे जेवताना डावा हात ताटातल्या अन्नाला लावत नाहीत. तो कोरडा ठेवायचा, पाण्याचं भांडं उचलायला आणि कुणाला काही वाढायला. उजव्या अंगठ्याने ती पेडव्याची पाठ दाबत न्यायची, मधला काटा चिमटीत धरून अख्खाच्या अख्खा उपसायची आणि उरलेलं मांस अंगठा आणि दोन बोटांत हलकेच चोळून बघायची. चुकार काटा राहिला असेल तर तो बोटांना कळायचा. हे चालू असताना तिचं लक्ष गप्पांत असायचं. सोललेला पेडवा ती माझ्या ताटात ठेवायची. मी लहान असताना ठेवायची, माझं लग्न झाल्यावरही ठेवायची आणि माझी पन्नाशी उलटली तरी ठेवत होती. मला काटे काढता येत नाहीत असं नाही. पण ती ठेवायची आणि मी खायचे, त्यात दोघींनाही काही वावगं वाटत नव्हतं.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. तो गेला की मी आईकडे राहायला येते, आणि खरं सांगायचं तर तो परत आला की तोही इकडेच येतो. मी रत्नागिरीतल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. स्वभावाने तापट आहे, हे मुलांनाही माहीत आहे आणि आईलाही.

शिमग्याच्या आधी पंधराएक दिवसांची गोष्ट. सकाळी मासेवाली मागच्या दारी आली होती. आई नेहमीसारखी उकिडवी बसून बांगड्यांचे कल्ले उचलून बघत होती. तिच्या हातातून बांगडा निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. मासेवाली दोनदा हसली. तिसऱ्यांदा निसटल्यावर तिने मला हाक मारली. "बाय, आईला बघा तुमच्या. तोंड वाकडा झालाय." मी हातात फणी घेऊन बाहेर आले. आई काहीतरी सांगत होती, पण तोंडात गरम भात असल्यासारखं काहीच कळत नव्हतं. मी तिथेच थिजले. मासेवाली मात्र रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवून आलीसुद्धा. आईला तिने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. पाटी दारातच राहिली आणि आळीतल्या मांजरांची दिवाळी झाली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे, वेळेत आणलंत हे नशीब. लगेच इंजेक्शन दिलं. आई वाचली. आठवड्याभरात बोलणं परत आलं, थोडं जड, पण समजेल असं. पाय ओढत का होईना, टाकू लागली. उजव्या गालाची आणि ओठाची संवेदना मात्र गेली होती, आणि उजवा हात चादरीवर नुसता पडून होता. मी तो हातात घेऊन बसायचे. गरम होता, नखं तीच होती, हळदीचा पिवळा डागही तोच होता, पण माझ्या बोटांना त्याने ओळख दिली नाही.

भेटायला येणारे म्हणत होते, वारं गेलं अंगावरून. कुणी तेल आणलं, कुणी अंगारा. मी चहा देऊन सगळ्यांची बोळवण केली. मला वाटत होतं, या लोकांना काय कळतं? मी गेली सव्वीस वर्षं मेंदूचा धडा शिकवते आहे. शाळेत प्लास्टरचा मेंदू आहे, त्याचे भाग सुटे होतात. ते हातात धरून दरवर्षी मी मुलांना सांगते, शरीरातल्या बाकीच्या जखमा भरतात, पण मेंदूतल्या पेशी एकदा मेल्या की मेल्या. आणि पुढच्या धड्याकडे वळते. त्यामुळे मी मनात हिशेब करून टाकला होता की उजवा हात गेला. आता आईला डाव्या हाताची सवय करायची. दवाखान्यातून येताना मी बाजारातून जाड दांड्याचा चमचाही घेऊन आले.

घरी पहिले पंधरा दिवस मी तिला भरवलं. त्याला तिची ना नव्हती. आजारी माणसाला दुसऱ्याने भरवायचंच असतं, असं तिचं म्हणणं. पण स्वतःच्या डाव्या हाताने जेवायचं म्हटलं की ती तोंड मिटून घ्यायची. मी समजावलं, चिडले, देवाची शपथ घातली. चमच्याला हात लागतो, अन्नाला लागत नाही, असा शास्त्रार्थही करून पाहिला. ती जड जिभेने एवढंच म्हणाली, "डाव्या हातान जेवायचा तं जेवायचाच कशाला? त्याला गिळणा म्हणतात."

माझी रजा संपली. शाळेत परीक्षा आल्या होत्या, जाणं भाग होतं. दुपारी शेजारीण डोकावून जाणार होती, पण जेवण आईचं आईलाच जेवायला हवं होतं. मी भात कालवून ताट तिच्यापुढच्या स्टुलावर ठेवलं, चमचा डाव्या बाजूला ठेवला आणि निक्षून सांगितलं की आज हट्ट पुरे.

संध्याकाळी आले तर भात सगळीकडे होता. स्टुलावर, चादरीवर, जमिनीवर, आईच्या मानेवर. खिडकीत दोन कावळे बसलेले. चमचा ठेवला होता तिथेच, स्वच्छ. आईचा उजवा हात ताटात होता आणि बोटांना भात चिकटून वाळला होता. तिची बोटं जरा मिटू लागली होती एवढंच, उघडायची म्हटली की डाव्या हाताने सोडवावी लागत. त्या हाताने ती दिवसभर जेवत बसली होती.

मी खूप बोलले. आता लिहितानाही लाज वाटते. तुला माझी दया येत नाही का, असंसुद्धा बोलले. मी जमीन पुसत होते, रडत होते आणि पुसता पुसता आणखी बोलत होते.

तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट आली. सावर्ड्याची मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. आठवड्यातून दोनदा यायची. तिने आईला पिळायला रबरी चेंडू दिला होता, तो आईने 'ह्या वयात चेंडू खेळू काय' म्हणून उशीखाली घातला होता. मुलीने तो पसारा बघितला. मला वाटलं, आता ही तरी आईला दोन शब्द सुनावेल. ती आईसमोर खाली बसली, तिची भाताने माखलेली बोटं एक एक करून बघितली आणि विचारलं, "आजी, किती घास गेले?"

"सात," आई म्हणाली.

मुलगी माझ्याकडे बघून हसली. मग तिने मला जे सांगितलं ते मला सव्वीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत हे खरं. पण त्यांच्या शेजारच्या जिवंत पेशी ते काम शिकू शकतात. अट एकच, त्यांच्याकडे ते काम मागत राहायला हवं. चांगला हात पुढे येऊन सगळं करू लागला की मेंदू वाईट हाताला विसरूनच जातो. म्हणून काही ठिकाणी चांगल्याच हाताला तासन्‌तास हातमोजा घालून बांधून ठेवतात. पेशंट वैतागतात, भांडतात, मोजा काढून फेकतात. "तुमच्या आईने तो स्वतःच बांधून घेतलाय, मॅडम. मला आयता पेशंट मिळालाय."

मी तरी हट्टाने विचारलं, मेंदूला नवीन वाट सापडते म्हणजे नक्की काय होतं? ती म्हणाली, हायवेचा पूल बंद झाला की गाड्या घरी बसतात का? गावातल्या रस्त्याने जातात. आधी खड्डे, कोंडी, शिव्या. पण रोज गाड्या गेल्या की तोच रस्ता रुळतो. गेल्याच नाहीत तर गवत उगवतं. आईने पलंगावरून विचारलं, मग मुंबई-गोवा हायवेएवढीच वर्षं लागणार काय? तिचं वाकडं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

जाताना मुलगी मला दारात म्हणाली, "आजींचा हात बांधलेला आहे. आता तुमचे बांधायला हवेत."

ते सगळ्यात अवघड निघालं. आई एक घास उचलायला पाच मिनिटं घ्यायची आणि तो ओठापर्यंत येता येता सांडायचा. मला समोर बसून नुसतं बघायचं होतं. मी माझे हात मांडीखाली घालून बसायचे. मधेच उठून ओट्याजवळ जायचे, काम नसताना डबे पुसायचे. सात घासांचे बारा झाले, बाराचे वीस. उरलेलं मी भरवायचे, पण आधी तिचे तिने, असा करार होता. वैशाखापर्यंत ती आमटीभात जेवू लागली. अर्धं ताट सांडायचं, पण कावळे एव्हाना आमचे नेहमीचेच झाले होते.

मग मी चूक केली. खुशीत येऊन बांगडा तळला. काटे मीच काढले, आणि तरी एक राहिला. दुपारी जेवलेली आई संध्याकाळी चूळ भरायला उठली तेव्हा तिच्या उजव्या गालातून तो निघाला. पाच तास तो तिथे टोचून होता, गालाला आतून जखम झाली होती आणि तिला पत्ताच नव्हता. घशात गेला असता तर? मी त्याच दिवशी फर्मान काढलं, यापुढे सुरमईच, तीही माझ्या हातून दोनदा तपासलेली. पेडवे तर या जन्मात विसर.

आई रुसली. सुरमईच्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघून म्हणाली की हा मासा नव्हे, हा उपमा आहे. शेवटी आमच्यात तह झाला. तोंडाला काटा कळत नसेल तर बोटांना कळायला हवा. ज्या दिवशी तिची उजवी बोटं बारीकसारीक ओळखतील त्या दिवशी पेडवे. ती म्हणाली, "बरा. पण बोटांना काम दे. चेंडू नको."

म्हणून पावसाळा आमचा निवडण्यात गेला. जूनपासून बोटी बंद, ताजा मासा नाहीच. मी तिच्यापुढे तांदूळ ठेवले, टाकळ्याची भाजी ठेवली, मग सुकट ठेवली. वाळलेल्या इवल्याशा कोलंबीचं डोकं आणि शेपूट खुडायचं, हे काम धडधाकट माणसालाही कंटाळवाणं. आई रोज एक वाटी निवडायची. आधी मुठीत चुरा व्हायचा. मग चिमटीत एखादी सापडू लागली. सावर्ड्याची मुलगी कौतुकाने आईच्या डोळ्यांवर रुमाल बांधायची आणि हातावर कधी तांदूळ, कधी खडा ठेवायची. आई दहातले चार ओळखायची, पाच ओळखायची. परीक्षेला ती मुलगी उदार होती, मी नव्हते. पेडव्यांसाठी मला दहापैकी दहा हवे होते.

आषाढात सगळं थांबलं. एक महिना गेला, दीड महिना गेला, पाचाचे सहा होईनात. सुकटीची वाटीही अर्ध्यावर आली. मुलगी सांगत होती की असं होतं, आतलं काम चालू असतं पण दिसत नाही, सोडू नका. आई मान हलवायची. बोलणं कमी झालं होतं तिचं. शेजारीण म्हणाली, दिवसभर हाताकडेच बघत बसतात.

एका रविवारी मी ताट वाढलं आणि पाणी आणायला आत गेले. परत आले तर आई जेवत होती. डाव्या हाताने, चमच्याने. एक दाणा सांडला नव्हता. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, शहाण्या मुलासारखा. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "झाला हो बाय. तू म्हणत होतीस तसा. जेवतंय बघ."

पाच महिन्यांपूर्वी हे बघायला मी देव पाण्यात घालून बसले होते. आता मी पाण्याचं भांडं स्टुलावर ठेवलं. मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"आता काय झाला?" तिने विचारलं.

शास्त्र वगैरे मला काही आठवलं नाही. मी म्हणाले, "मला बघवत नाही."

"तुला बघवत नाय म्हणून मी उजव्या हातान जेवू?"

"हो."

मी पन्नाशीची बाई, हातात चमचा धरून लहान मुलीसारखी उभी होते. मग ती म्हणाली, "बरा. ठेव तो मेला चमचा तिकडे." आणि उजवा हात उचलून तिने ताटात घातला. दुपारचे तीन वाजेपर्यंत आम्ही जेवत होतो. चमचा मी माळ्यावर टाकला. अजून तिथेच आहे.

गणपती झाले, बोटी कधीच्या सुटल्या होत्या. एका सकाळी मागच्या दारी तीच मासेवाली आली. तिच्या पाटीत पेडवे होते, चांदीच्या पत्र्यासारखे. मी नको म्हणायच्या आत आई काठी टेकत दारात आली, पायरीवर बसली आणि तिने उजव्या हाताने एक पेडवा उचलला. आईने दोन बोटांनी कल्ला उघडून आत बघितलं, मासा उलटा केला, परत ठेवला. निसटला नाही. मग तिने दुसरा उचलला. "कालचे दिसतात गो," ती म्हणाली. मासेवालीने पदर डोळ्याला लावला आणि लगेच भांडायलाही लागली की आजी, आजचेच आहेत, पहाटेचे.

मी पेडव्यांचं तिखलं केलं, दाट रश्शाचं. तह तिने अजून पुरा केला नव्हता. रुमाल बांधून दहातले आठच ओळखत होती, आणि हे मी तिला स्वयंपाक करता करता दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, तुझ्या वर्गात आठ मिळाले तर नापास करतेस काय? जेवायला बसलो तेव्हा मी मोबाइलचा दिवा लावून तिच्या ताटावर धरला. तो तिने बंद करायला लावला.

अंगठा पाठीवरून गेला. पूर्वीसारखा सरळ नाही, मधे दोनदा अडला. मधला काटा अर्ध्यावर तुटला. उरलेला अर्धा शोधायला तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही, कारण मी माझ्या मांडीखालच्या हातांकडे बघत होते. मग बारीक काटे. एक एक काढून ती ताटाच्या कडेला लावत होती. शेवटी तिने तो तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळला, डोळे मिटून, आणि पुन्हा एकदा चोळला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. हात वर गेलाच नाही. तिने तो तुकडा माझ्या ताटात ठेवला.

"तू खा आधी," ती म्हणाली. "माझ्या तोंडात राहिला तं मला कळायचा नाय. तुला कळेल."

मी खाल्ला. हळूहळू, जिभेने चाचपत. एक काटा होता. केसाएवढा, डाव्या दाढेजवळ. तो तसाच गिळावा आणि नाही म्हणावं असं मला अगदी मनापासून वाटलं. ती माझ्याकडे बघत होती. मी तो बोटाने काढला आणि म्हणाले, "एक आहे."

"दाखव."

तिने तो घेतला, निरखला आणि आपल्या ताटाच्या कडेला रांगेत लावला. वाईट वाटल्याचं दाखवलं नाही. दुसरा पेडवा उचलला. या वेळी आणखी सावकाश. मधला काटा निघाला, बारीक निघाले, चोळून झालं, परत चोळून झालं. तो तुकडाही माझ्या ताटात आला. मी खाल्ला. सगळा फिरवून फिरवून, परीक्षेचा पेपर तपासावा तसा खाल्ला.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. एकही नाही."

मग आईने तिसरा पेडवा सोलला. अंगठा आणि दोन बोटांत धरून तो बराच वेळ चोळला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि उजव्या हाताने स्वतःच्या तोंडात घातला. ती चावत राहिली, गिळलं, पाणी प्यायली. भांडं तिने डाव्या हातानेच उचललं. तो कोरडा होता.